पुढे जाण्यासाठी एक पर्याय निवडा

मूत्रपिंडाने चौथ्यांदा हात जोडले तेव्हा बळीरामच्या घरातून त्याला कोणीच उलट नमस्कार केला नाही. पहिल्या वेळी सगळ्यांनी केला होता. मीराने तर पदर नीट घेऊन केला होता.

मूत्रपिंड सूरजच्या कॉम्प्युटरवर होतं. गुलाबी, गुबगुबीत, डोळे-ओठ असलेलं, आणि कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे, पायात काळे बूट घातलेलं. मागे बासरी वाजायची, ते डावीकडून चालत यायचं आणि म्हणायचं, "नमस्कार. मी तुमचं मूत्रपिंड. चला, आज मोकळेपणाने बोलू या."

"हे आपल्याकडचं नाय," बळीराम पहिल्याच फेरीला म्हणाला होता. "बोलन्यावरून पुन्याचं वाटतं."

त्याची स्वतःची दोन्ही मूत्रपिंडं मोकळेपणाने सोडाच, कशीच बोलत नव्हती. गेल्या गणपतीत त्यांनी काम थांबवलं, तेव्हापासून आठवड्यातून तीन वेळा वसईला जाऊन तो मशीनवर रक्त धुऊन घ्यायचा. ज्याने जन्मभर केळी पिकवली त्याला केळं बंद. घरामागे बावखल, म्हणजे वाडीचं तळं, काठोकाठ भरलेलं, आणि याला दिवसाचं पाणी तांब्याभर. मुंबईचे मोठे डॉक्टर म्हणाले, किडनी बदला. धाकट्या बहिणीचं, हंसाचं, रक्त जुळलं. तपासण्या झाल्या, पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली. घराच्या दृष्टीने विषय संपला होता.

आणि दोन हजार सात सालच्या त्या रविवारी सकाळी उन्नती नावाची मुलगी एक सीडी घेऊन बळीरामच्या गावी, गासला आली.

सीडी हॉस्पिटलवाल्यांनी किडनी देणाऱ्यांसाठी बनवली होती. देणाऱ्याने ती शांतपणे बघायची, काय काय होणार ते समजून घ्यायचं, मनात असेल ते त्यात सांगायचं. अजून ती कोणाला दिली नव्हती. साध्या माणसाला ती वापरता येते का, कुठे अडायला होतं, एवढंच त्यांनी पाठवलेल्या उन्नतीला बघायचं होतं.

"मी काही शिकवणार नाही आणि मदतही करणार नाही," तिने सुरुवातीला सांगितलं. "हंसाताईंनी फक्त वापरायचं, आणि वापरताना जे मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं. चुकलं तर ती चूक सीडीची, त्यांची नाही. आणि शक्यतो त्या एकट्याच असल्या तर बरं."

"हो हो, बाहेरचं कोनी नाय," मीरा म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं. आत हंसा, हंसाचा नवरा काळूराम, बळीराम, स्वतः मीरा आणि मुलगा सूरज एवढी मंडळी होती. म्हणजे एकटीच.

उन्नतीने पुन्हा सांगून पाहिलं. तेव्हा सगळे एक पाऊल मागे सरकले.

नमस्कार झाला की पहिला प्रश्न यायचा, आणि गाडी तिथेच अडकली होती. पडद्यावर लिहिलेलं होतं: 'अवयव देण्याविषयी तुम्हाला सर्वप्रथम कोणी विचारले?' खाली चार बटणं. रुग्णाने स्वतः. घरातील अन्य व्यक्तीने. डॉक्टरांनी. कोणी विचारण्यापूर्वी मी स्वतःच तयारी दाखवली. त्याखाली लाल अक्षरांत, 'पुढे जाण्यासाठी एक पर्याय निवडा.'

हंसाने चष्मा पुसून चारही बटणं वाचली. मग परत वाचली. माऊस तिने लाटण्यासारखा धरला होता, तो खाली ठेवला.

"शेवटचं दाब," मीरा मागून म्हणाली.

"मी कधी तयारी दाखवली?"

"दाखवलीस ना. तू आलेलीस त्या दिवशी."

"वयनी, मी वालाच्या शेंगा द्यायला आलेली."

हे खरं होतं. त्या दिवशी लॅबचा माणूस बळीरामच्या घरच्यांचं रक्त न्यायला आला होता, आणि हंसा दोन वाड्या सोडून असलेल्या आपल्या सासरहून वालाच्या शेंगा घेऊन आली होती. मीरा म्हणाली, ही सख्खी बहीन हाय, हिचं पन घ्या. हंसाने शेंगांची पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा पुढे केला. आठवड्याने कागद आला, हंसाचं जुळतंय. काळूरामच्या हातात पेढा देण्यात आला. मग तपासण्यांच्या तारखा लागल्या, कोणी गाडी ठरवली, कोणी फायली केल्या. हंसाला कोणी विचारलं नाही. तिचा रक्तगट विचारला.

"मग दुसरं दाब," काळूराम म्हणाला. सातिवलीला त्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा गाळा होता आणि कुठलीही गोष्ट घडी घालून बंद झाली की त्याला बरं वाटायचं. "घरातली अन्य व्यक्ती. मीरावयनी अन्यच हायत."

"त्यांनी लॅबवाल्याला सांगितलं. मला नाय विचारलं."

"डॉक्टरांनी तरी?"

"डॉक्टर म्हनाले, अभिनंदन."

सूरज नालासोपाऱ्याला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, त्यामुळे घरात त्याच्या शब्दाला या एका विषयात किंमत होती. "आत्या, थांब. मी साइडने घुसवतो," म्हणत त्याने कुठलीतरी दोन बटणं एकदम दाबली. पडदा काळा झाला. बासरी वाजली. मूत्रपिंड डावीकडून चालत आलं.

असं तीनदा झालं होतं.

"प्रोग्रामरने मस्त बांधलाय," सूरज उन्नतीला म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता. "उत्तर दिल्याशिवाय सोडतच नाही."

उन्नती मान हलवत होती आणि लिहीत होती. ती या घरात आल्यापासून तिला दोनदा चहा, एकदा पोहे आणि वाटीभर बिरडं मिळालं होतं. तिला कशाबद्दलही विचारण्यात आलं नव्हतं. तिने एकदा नको म्हणून पाहिलं, तेव्हा मीराने ते पोह्यांवर जास्त खोबरं हवंय असं धरलं.

हे घरच तसं होतं. आजोबांपासूनची शिस्त. आपल्या माणसाला विचारायचं नाही, वाढायचं. विचारतात परक्याला. 'भाकरी घेणार काय' असं विचारणं म्हणजे 'नाही म्हण आणि ऊठ' असं सांगणं. काळूराम जावई म्हणून पहिल्यांदा आला तेव्हा एका दूरच्या मावशीने चुकून विचारलं होतं, भात वाढू का. ती मावशी वारून बरीच वर्षं झाली, पण काळूराम अजून तिचं नाव घेत नव्हता.

"हंसाताई, तुम्ही गप्प का झालात?" उन्नतीने विचारलं. "मनात येतंय ते बोलत राहा."

हंसाला आजवर बऱ्याच लोकांनी बऱ्याच गोष्टी करत राहायला सांगितल्या होत्या. बोलत राहा, हे नवीन होतं. तिने मागे वळून बघितलं. चार जण बघत होते, मोटारीखालून आवाज आल्यावर लोक बघतात तसे.

"याचे बूट नको होते," ती म्हणाली.

"छान. अजून?"

"अक्षर मोठं हाय, ते बरं. लाल अक्षर ओरडल्यासारखं वाटतं. आनि..." ती पडद्याकडे बघून बोलू लागली, कारण माणसांपेक्षा ते सोपं होतं. "आनि इथं चार जनं दिलीत. ज्याला यांतल्या कोनीच विचारलं नाय, त्याने काय दाबायचं? माझ्यासारखं अजून कोनी असेल ना. का सगळ्या जगात विचारतात, आनि आमच्याकडेच नाय?"

पंखा फिरत होता. मीराने उगाच कॉम्प्युटरचं भरतकाम केलेलं आवरण उचलून त्याची घडी केली.

"म्हंजे तुला द्यायची नाय?" काळूराम म्हणाला. तो हे जोरात बोलणार होता, पण वाक्याच्या मध्ये त्याच्या लक्षात आलं की त्यानेही तिला विचारलेलं नाही. पेढा मात्र खाल्ला होता. "म्हंजे... तसं असेल तर तसं सांग. मी काय, मी इथंच हाय." आणि तो बळीरामच्या खाटेजवळचा उठून हंसाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. खोली लहान होती, पण हे सरकणं सगळ्यांना दिसलं.

"भावजी, तुम्ही पन?" मीरा म्हणाली.

"मी नुसता उभा हाय."

"द्यायची नाय असं मी म्हटलं नाय," हंसा म्हणाली. "द्यायची असं पन म्हटलं नाय. मी अजून काय म्हटलंच नाय. तेच सांगते मघापासून त्या बूटवाल्याला."

खाटेवर बळीराम बसला होता. त्याचं तोंड नेहमीसारखं कोरडं पडलं होतं आणि हाताची फुगलेली शीर तो अंगठ्याने दाबत होता. त्याला बहिणीचं बोलणं झोंबलं नाही. त्याला आश्चर्य वाटलं. आपण तिला विचारलं नाही, हा तो तिचा मान समजत होता. विचारलं असतं म्हणजे तिला नाही म्हणायची जागा करून दिली असती. नाही म्हणायची जागा आपण वाडीतल्या मजुराला देतो, भाजीवाल्याला देतो. बहिणीला देतात काय? असं त्याला सहा महिने वाटत होतं. त्याच्या खालीही काहीतरी होतं, ते इतकं सभ्य नव्हतं. तिने नाही म्हटलं तर, याची त्याला भीती होती. आणि विचारलंच नाही तर कोणी नाही म्हणू शकत नाही.

"बाय," त्याने उन्नतीला विचारलं, "ते पहिलं बटन. रुग्नाने स्वतः. ते आत्ता विचारलं तर चालतं काय? का मागच्या तारखेचं लागतं?"

"मी याच्यात काही सांगू शकत नाही, काका," उन्नती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "सीडी तारीख बघत नाही."

बळीरामने पाय खाली सोडले. खाकरला. सगळे त्याच्याकडे बघू लागले. पूर्वी वाडीचा वाद सरपंचापुढे मांडताना तो असाच बसायचा, आणि तेव्हा त्याला कधी शब्द कमी पडले नव्हते.

"हंसे."

"काय?"

"चा घेशील?"

मीराचा हात तोंडाकडे गेला.

"दादा," हंसा हळूच म्हणाली, "तू मला चा विचारतोस?"

"सवय करतोय."

"बरं. नको चा."

तिने नको म्हटल्यावर काही कोसळलं नाही, हे बळीरामने नोंदवून घेतलं. त्याने पुन्हा खाकरलं. "हंसे. माझ्या दोन्ही गेल्या. तुझ्या दोन चालू हायत. त्यांतली एक मला देशील काय?"

इतकं सरळ वाक्य त्या घरात बहुधा पहिल्यांदाच बोललं गेलं. सूरजने नजर वळवून मॉनिटरच्या मागच्या वायरी बघितल्या.

"नाय म्हटलं तर?" हंसाने विचारलं.

"तर मंगळवारी मशीन हाय. मग गुरुवारी."

"आनि रागावशील?"

"रागावेन. पन तो माझा राग, मी बघेन त्याचं. तुझ्या दारात घेऊन येनार नाय."

हंसाने मान हलवली. "आता मी विचार करते."

"कर."

"आता काय विचार करायचा?" मीरा मध्ये पडली. ती इतका वेळ गप्प राहिली होती हाच तिच्यासाठी विक्रम होता. "तारीख मिळालीय. यांचे पाय बघ कसे सुजलेत. मीच दिली असती गं, पन माझी शुगर. नायतर मी काय मागेपुढे बघितलं असतं?"

"नाय बघितलं असतंस, वयनी. ते मला म्हाइत हाय," हंसा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. उलट ती पडद्याशी बोलत होती तशीच, मनात येईल ते, एकसुरात बोलत राहिली. "मग अजून मनात काय येतं, तर असं येतं, की त्या दिवशी लॅबवाल्याने तुझं घेतलं, माझं घेतलं. सूरजचं नाय घेतलं. सूरज कुठं होता?"

मीराने घडी केलेलं आवरण उलगडलं.

सूरज त्या दिवशी नालासोपाऱ्याला होता. मीराने त्याला मिक्सर दुरुस्त करून आणायला पाठवलं होतं. मिक्सरला काही झालं नव्हतं. सकाळी उठून तिने स्वतःच त्याची वायर ओढून सैल केली होती, आणि तो गेल्यावर देवापुढे दिवा लावून ती ओट्याशी उभी राहिली होती. नवऱ्यासाठी तिने काय केलं नसतं? पण त्या एका सकाळी तिच्याकडे दोन माणसं होती आणि तिने एकाला मिक्सर देऊन घराबाहेर काढलं. पोराचं लग्न व्हायचंय, हे कारण तिने कोणाला सांगायला तयार ठेवलं होतं. कोणी विचारलंच नाही. विचारायची पद्धत नव्हती.

"तो मिक्सर..." तिने सुरुवात केली.

"मिक्सर चांगला होता, आई," सूरज वायरींकडे बघतच म्हणाला. "प्लगची वायर फक्त सैल होती. पाच मिनिटांचं काम. मला पण कळलं काय चाललंय ते. तरी मी दुकानात बसून राहिलो. कॅरम खेळत होतो."

कॅरम हा शब्द त्याला सांगायचा नव्हता. तो तोंडातून निघून गेला.

"जिंकलास?" काळूरामने विचारलं.

"हो."

"बरं."

उन्नतीने लिहिणं थांबवलं होतं. सीडी तपासायला जाताना घरचे लोक बटणं दाबायला मदत करतील, एवढी सूचना तिला मिळाली होती. यापुढचं काही सांगितलेलं नव्हतं.

सूरज वायरींमागून बाहेर आला आणि बापासमोर उभा राहिला. "बाबा, मला पण विचारा."

"नाय."

"का?"

"पोराला विचारत नाय कोनी असलं."

"म्हंजे बहिनीला विचारतात, पोराला नाय?" हंसा खुर्ची फिरवून म्हणाली. खुर्ची फिरते हे तिला नुकतंच कळलं होतं. "आत्ता कुठं शिकलास नि लगेच थांबतोस? विचार त्याला. नाय म्हनाला तर नाय म्हनूदे."

"हंसा," मीरा म्हणाली. एवढंच म्हणाली.

बळीरामने बायकोकडे बघितलं. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाकडे बघितलं, ज्याला अजून शर्टाचं वरचं बटण लावता येत नव्हतं. "सूरज. देशील काय?"

आता सूरज 'हो' म्हणणार हे सगळ्यांना दिसत होतं. त्याने छातीही पुढे काढली होती. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "मला भीती वाटते, बाबा."

म्हणाला, आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"मला पन," हंसा म्हणाली.

सूरजने तिच्याकडे बघितलं. "तुला? तू तर सगळ्या टेस्टना एकटी गेलीस. नर्सला रेसिपी सांगून आलीस."

"बिरड्याची. भीतीनेच सांगितली. तुला कशाची वाटते?"

"भूल देतात त्याची. उठलोच नाही तर."

"मला त्याचं काय नाय वाटत. झोपायला मिळेल." हंसा परत पडद्याकडे वळली. हा विषय तिथे बघूनच बोलायचा होता. "मला नंतरची वाटते. दादा घरी येईल, त्याला बघायला अख्खा गाव येईल, नारळपानी आनतील... नाय, नारळपानी नाय चालत. दुसरं कायतरी आनतील. कसा हायस, बरा हायस ना, म्हनतील. बरोबर हाय, आजारी तो होता. आनि मी चालत माझ्या घरी जाईन. माझ्या पोटात टाका असेल. आनि मला कोनी विचारनार नाय. कारन मी आपली. मला वाढतील. भरपूर वाढतील. पन दुखतं काय, असं विचारनार नाय कोनी."

पंख्याखाली कॅलेंडर फडफडत होतं. काळूरामने तिच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात काढला नाही, पण तो आता नुसता उभा नव्हता.

बळीरामने शीर दाबणं थांबवलं.

हंसाने माऊस धरला, या वेळी हलक्या हाताने. बाण पहिल्या बटणापर्यंत नेता नेता तो दोनदा पडद्याच्या कडेला पळाला. मग तिने दाबलं. रुग्णाने स्वतः. पडद्यावरचं मूत्रपिंड टाळ्या वाजवू लागलं, जरा जास्तच.

दुसरा प्रश्न आला. हंसाने तो मनात वाचला.

"आता हे असं विचारतंय," ती म्हणाली, "की या वेळी तुमच्या खोलीत आनखी कोनी हाय काय. असेल तर त्यांना बाहेर जायला सांगा."

कोणी जागचं हललं नाही.

"दादा. वयनी. सूरज. तुम्ही पन," ती नवऱ्याला म्हणाली. "चला. हे पुन्याचं मूत्रपिंड सांगतंय."

सगळे बाहेर आले. मीराने स्वतःच लावलेलं दार उघडलं आणि बाहेर आल्यावर ओढून घेतलं. अंगणात कोणी कोणाच्या जवळ बसलं नाही. बळीराम पायरीवर, सूरज मोटारसायकलवर, काळूराम केळीच्या खुंटाला टेकून. मीरा उभीच राहिली. बाहेर आलेल्या माणसांनी काय करायचं असतं, याची कोणालाच सवय नव्हती. बावखलात एक खंड्या सूर मारून गेला. बळीरामने पाण्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

"मी वायर सैल केली होती," काही वेळाने मीरा म्हणाली.

"कळलं," बळीराम म्हणाला.

"रागावलात?"

"मी असतो तर मी पन मिक्सर बिघडवला असता," तो म्हणाला. "पन मला जमलं नसतं. मी मोटर जाळली असती."

मीरा त्याच्या बाजूला पायरीवर बसली.

आतून हंसाचा आवाज येत होता. शब्द तुटक ऐकू यायचे. एका वेळी ती म्हणाली, "एकावर पन नीट चालतं, तर देवाने दोन कशाला दिल्या?" मग बराच वेळ काहीच नाही. मग उन्नतीचा शांत आवाज, बोलत राहा. मग हंसा काहीतरी बोलत राहिली, पण इतकं हळू की अंगणातल्या चौघांनीही मान पुढे केली आणि चौघांनाही काही ऐकू आलं नाही. पुढे जे झालं त्यात सगळ्यांना हेच सगळ्यात जड गेलं, की हंसा काय बोलली ते त्या घरात कधीच कोणाला कळलं नाही. नंतर प्रत्येकाने आपापल्या परीने काढून घ्यायचा प्रयत्न केला. उन्नतीला तर त्यापायी वाटीभर बिरडं बांधूनही देण्यात आलं.

बासरी वाजली आणि थांबली. दार उघडलं.

पहिल्यांदा उन्नती आली. "झालं," ती म्हणाली. "पहिल्या प्रश्नात एक पाचवं बटण घालावं लागणार आहे. मी सांगेन त्यांना." ती पायरीवर बसून चप्पल घालू लागली, पण पट्टा लावायला तिने गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला. तिलाही ऐकायचं होतं.

मग हंसा आली. दाराला हात टेकून उभी राहिली. चष्मा डोक्यावर चढवलेला होता.

"देते," ती म्हणाली.

मीराच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही.

"विचारलं नसतंस तरी दिली असती," हंसा भावाला म्हणाली. "गुपचूप दिली असती. आनि मग जन्मभर ऐकवलं असतं. दर सनाला. दर लग्नात. तू जेवायला बसलास की मी फक्त पोटावर हात ठेवला असता, बास, तुझा घास अडकला असता. केवढी सोय होती. आता तू विचारलंस, नि मी हो म्हटलं. आता मी काय ऐकवनार? माझं मोठं नुकसान केलंस, दादा."

बळीराम हसायला गेला आणि त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "मी विचारीन."

"काय?"

"तू घरी गेल्यावर. दुखतं काय, ते. रोज येऊन विचारीन."

"रोज नको. तुझ्या पन पोटाला पट्टी असनार, कुठं येतोस? आनि रोज विचारलंस तर मला रोज खरं सांगावं लागेल." हंसाने विचार केला. "एक दिवसाआड विचार. फोनवर. मधल्या दिवशी सूरजने येऊन विचारायचं."

सूरजने मोटारसायकलवरून मान हलवली.

"काय म्हनायचं ते ठरवून ये. नुसता कॉम्प्युटरच्या गोष्टी सांगत बसू नको."

"दुखतं का, असं विचारेन."

"हां. तेवढंच."

काळूराम घसा साफ करून म्हणाला, "आनि मी?"

"तुम्ही रात्रीचं विचारा. बाकी दिवसभर सातिवलीलाच असता."

मीराने आता पदराने डोळे पुसले. ती उठली, नणंदेच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि त्या घरात आल्यापासून तिने जे कधी केलं नव्हतं ते केलं. "हंसा," तिने विचारलं, "मी काय करू?"

हंसाने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तू नको विचारूस, वयनी," ती म्हणाली. "तू वाढ."